तिसरं पांढरं हाय

“गप्प! सगळ्या गप्प! मी शिट्टी वाजवली की फक्त पल्लवी ओरडणार!”

तांबोळी सर मैदानाच्या मधोमध उभे होते आणि आम्ही सात जणी झेंड्याच्या खांबापासून थेट चाफ्याच्या झाडापर्यंत पांगलो होतो. प्रत्येकीच्या गळ्यात एकेका गावाची पाटी. पल्लवी सकपाळ म्हणजे शिरवली, माझ्या गळ्यात माझंच गाव, धारमाथा. नियम एकच होता. कानावर निरोप पडला की तोच मोठ्यानं पुढे ओरडायचा.

शिट्टी वाजली. पल्लवी बोंबलली, “पाणी आलं!”

तिचं ऐकून तिच्या दोन्ही बाजूच्या ओरडल्या. त्यांचं ऐकून पल्लवी पुन्हा ओरडली. मग मी, मग चाफ्याखालची, मग परत पल्लवी. कुणी थांबेचना! पाणी आलं, पाणी आलं, पाणी आलं! शेवटी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून शेवंतामावशी दोन बादल्या घेऊन धावत आल्या. “कुटं हाय टँकर?” आम्ही हसून हसून खाली बसलो.

“हसा,” सर म्हणाले. “पण आपले डबे असेच ओरडत बसले तर त्यांच्या बॅटऱ्या तासाभरात झोपतील. आता नियम बदलायचा. निरोपाआधी आपल्या गावाचं नाव आणि आकडा सांगायचा. पहिला निरोप एक, पुढचा दोन. आणि ऐकणारीनं प्रत्येक गावाचा शेवटचा आकडा लक्षात ठेवायचा. तोच आकडा किंवा त्याच्या आतला पुन्हा कानावर आला, तर ते ऐकून झालेलं आहे असं समजायचं आणि तोंड मिटून उभं राहायचं. निरोप काय आहे ते बघायचंच नाही. कळलं?”

या खेपेला जमलं. “शिरवली एक, पाणी आलं!” ही आरोळी झेंड्यापासून चाफ्यापर्यंत एकदाच गेली आणि विरली. किती छान वाटलं! मग पल्लवी सरांना न विचारता नळावर पाणी प्यायला गेली, परत येऊन जागेवर उभी राहिली आणि ओरडली, “शिरवली एक, वीज गेली!”

कुणी हलेना.

“अगं ओरडा की! वीज गेली!”

“एक ऐकलाय आम्ही,” मी म्हटलं.

“अगं पण हा नवा निरोप आहे, मूर्खांनो!”

“तू मधेच उठून गेलीस आणि तुझा आकडा विसरलीस,” सर हसत म्हणाले. “डबे असे उठून पाणी प्यायला जात नाहीत, बाई. त्यांच्या डोक्यावर सौर पत्रा आहे. ते बंदच होत नाहीत.”

पल्लवी पाय आपटत चाफ्याखाली जाऊन बसली. मला तेव्हा तिची गंमत वाटली होती.

ही गोष्ट मी आठवीत होते तेव्हाची. आता मी अकरावीत आहे, माझ्या हातात माइक आला तर काढून घ्यायला दोन माणसं लागतात आणि गॅदरिंगला सूत्रसंचालन माझ्याशिवाय होत नाही. पण तेव्हा मला आवाजच नव्हता. त्या जूनमध्ये आबा मला लाँचनं धरणाच्या या काठावर, पानवळच्या वसतिगृहात सोडून गेले होते. धारमाथ्यातली बाकीची घरं कधीच पुनर्वसनात खाली गेली. आम्ही राहिलो, कारण आबांच्या शेळ्यांना खालचं रान मानवेना. आई मी दुसरीत असताना गेली. म्हणजे त्या डोंगरावर मी, आबा आणि शेळ्या. आणि जूनपासून नुसते आबा आणि शेळ्या.

आमच्या त्या खोऱ्यात मोबाइलला रेंज नव्हती. टॉवर उभारणार म्हणून मोजणी व्हायची, माणसं चहा पिऊन जायची. म्हणून सरांनी कॉलेजच्या काही मुलांना हाताशी धरून हे रेडिओचे डबे आणले आणि गणपती झाल्यावर गावोगाव खांबावर चढवले. डब्याला साधा मोबाइल जोडायचा आणि त्यावर निरोप लिहायचा. डबा तो हवेत ओरडणार, पलीकडच्या डोंगरावरचा डबा ऐकून पुढे ओरडणार, असं करत निरोप आमच्या शाळेच्या संगणकावर उमटणार. धारमाथ्याचा निरोप शिरवलीवरून यायचा. संगणकाच्या पडद्यावर डावीकडे गावांची नावं होती आणि ज्या गावाचा डबा जागा, त्याच्यापुढे हिरवा ठिपका.

रोज संध्याकाळी प्रार्थनेआधी संगणकाची खोली उघडायची आणि आम्ही सगळ्या आत घुसायचो. पहिल्या दिवशी तर दिवाळीच होती! कुणाच्या आजीनं लिहिलं होतं, कुणाच्या भावानं नुसत्या शिव्या लिहिल्या होत्या. पल्लवीच्या आईचे निरोप संपतच नव्हते. केसांना तेल लाव, कुणाची चादर घेऊ नकोस, म्हैस आजारी होती ती बरी झाली, तेल लाव. आणि खाली, सगळ्यात शेवटी:

धारमाथा – १. पोचत आसंल तर बरं.
धारमाथा – २. जेव.

“जेव!” पल्लवी किंचाळली. “अगं, तुझे वडील काय तार पाठवतायत का?”

मी पण हसले. आबा बोलतच नाहीत मुळात. शेळ्यांशीसुद्धा जिभेनं टकटक करून बोलतात. पण ‘जेव’ वाचून मला एकदम त्यांचं ताट सारणं दिसलं. मी लगेच उत्तर लिहिलं. चांगलं लांबलचक. वसतिगृहाचं, भाकरीचं, शेवंतामावशींच्या बादल्यांचं.

दुसऱ्या दिवशी धारमाथ्याकडून काही नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला. मी लिहीत होते. आबा, गणितात पहिली आले. आबा, चंद्री गाभण आहे ना, कधी विणार? आबा, ताप आला होता पण उतरला. काहीच नाही. पल्लवीच्या आईची म्हैस पुन्हा आजारी पडून पुन्हा बरी झाली.

मी सरांकडे गेले. “सर, आमचा डबा बिघडलाय का?”

सरांनी पडदा दाखवला. “हा बघ हिरवा ठिपका. टक्क जागा आहे. आणि आकडे बघ. एक आला, दोन आला. मधला एखादा हरवला असता तर आकडा तुटला असता. एक, दोन आणि एकदम सात, असं. तसं काही नाही.”

“म्हणजे?”

सरांनी चष्मा पुसला. “म्हणजे अजून तीन लिहिलाच गेलेला नाही, चैताली. कामात असतील गं.”

मी हो म्हटलं. शेळ्या राखणाऱ्या माणसाला संध्याकाळी काय काम असतं, हे सरांना माहीत नव्हतं, मला होतं. दावणीला बांधल्या की संपलं. आबा दारात बसून धरणाकडे बघत राहतात. पूर्वी शेजारी मी असायचे. आम्ही दोघं मिळून काही न बोलता बसायचो, पण ते वेगळं असतं. शेजारी बसून गप्प राहणं आणि धरणापलीकडून गप्प राहणं, यात केवढं अंतर आहे ते मला त्या महिन्यात कळलं.

मी संगणकाच्या खोलीत मागे उभी राहायला लागले. मुली वाचून वाचून हसायच्या आणि मी चपलेचे टाके मोजत असल्यासारखी खाली बघायचे. मग मी झाडू मारायचं काम मागून घेतलं, म्हणजे सगळ्या गेल्यावर आत जाता येईल. एकटीनं पडदा बघायचा. धारमाथ्यापुढे हिरवा ठिपका. जागा आहे. गप्प आहे.

दिवाळीची सुट्टी जवळ आली. काठाकाठानं सगळी गावं घेत जाणारी शनिवारची लाँच शेवटची होती, मग सुट्टी संपेपर्यंत लाँच बंद. पल्लवी म्हणाली, “आमच्याकडे चल ना. आई चकल्या करते. तिकडं काय आहे तुला? शेळ्या आणि मौनव्रत.”

तिनं चेष्टेत म्हटलं होतं. पण मी त्या संध्याकाळी बसले आणि लिहिलं: “आबा, मी दिवाळीला येत नाही. पल्लवीकडे जाते.”

खरं सांगू? मला जायचं नव्हतं. मला फक्त त्यांच्याकडून एक शब्द हवा होता. ये. किंवा का. किंवा रागानं काहीतरी. दोन दिवस वाट पाहिली. धारमाथ्यापुढे हिरवा ठिपका, आणि दोनच्या खाली कोरं. तेव्हा मी पिशवी भरायला घेतली. पल्लवीला म्हटलं, येते तुझ्याकडे. ती नाचली. मी पण तिच्याबरोबर दोन उड्या मारल्या, दुसरं काय करणार?

त्या संध्याकाळी खोलीत गर्दी होती. पल्लवी सगळ्यांत पुढे. अचानक ती ओरडली, “चैते! धारमाथा! धारमाथा बोललं!”

मला वाट करून दिली सगळ्यांनी. पडद्यावर होतं:

धारमाथा – ३. तिसरं पांढरं हाय.

मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळी खोली हसायला लागली. “काय पांढरं हाय गं?” “अगं, दीड महिन्यानं तोंड उघडलं आणि हे!” पल्लवीसुद्धा ओठ दाबून हसत होती, मग माझं तोंड बघून थांबली.

मला इतका राग आला! मी येत नाही म्हणून कळवलंय. मुलगी दिवाळीला घरी येत नाहीये. त्यावर हा माणूस मला रंग सांगतोय.

सगळ्या प्रार्थनेला गेल्या. मी झाडू घेऊन मागे राहिले. झाडलं काहीच नाही, पडद्यासमोर उभी राहिले. बाहेर दिवेलागण झाली होती; एरवी तोवर मी खोली बंद करून गेलेली असायचे. आणि मी बघत असताना धारमाथ्यापुढचा हिरवा ठिपका विझला.

बाकीच्या गावांचे चालू होते. आमचाच विझला.

आमच्या घरी एक सौर कंदील होता. एकदा मी तो रात्रभर चालू ठेवला आणि त्याची बॅटरी कायमची गेली. तेव्हापासून आबांनी एक रीतच पाडली. शेळ्या बांधून झाल्या की घरातल्या एकूण एक वस्तूची वायर काढायची. रेडिओची, कंदिलाची, टॉर्चचे सेलसुद्धा बाहेर काढून ओळीनं फळीवर मांडायचे. सकाळी शेळ्या सोडताना पुन्हा लावायच्या. “त्यास्नी बी निजू दे,” म्हणायचे. डोक्यावर पत्रा आहे, डबा आपोआप भरतो, हे कुणीही सांगितलं तरी आबा त्याची वायर काढल्याशिवाय झोपणारच नाहीत!

आणि तिसरं.

तिसरं म्हणजे? कशातलं तिसरं? चंद्री! चंद्री व्याली! पण कुणी असं सुरुवातीलाच तिसरं सांगतं का? आबा एका शब्दात बोलतात, पण उलटं बोलत नाहीत. आधी चंद्री व्याली सांगतील. मग पहिली दोन कशी आहेत ते. मगच तिसरं. म्हणजे याच्या आधी दोन निरोप होते. पण पडद्यावर याच्या आधी दीड महिन्यापूर्वीचं ‘जेव’ होतं.

माझ्या डोळ्यांसमोर पल्लवी उभी राहिली. नळावरून पाणी पिऊन आलेली, पाय आपटणारी. शिरवली एक, वीज गेली! अगं पण हा नवा निरोप आहे, मूर्खांनो!

मी झाडू टाकला आणि धावत सुटले. प्रार्थना चालू होती, ती मधूनच ओलांडली. सर गाडीला किक मारत होते. मी गाडीपुढे उभी राहिले.

“अगं! चाकाखाली येशील!”

“सर, डबा पाणी प्यायला जातो!”

“काय?”

“आबा रोज रात्री वायर काढतात! डबा रोज सकाळी नव्यानं उठतो, सर. त्याला काहीच आठवत नाही. तो परत एकपासून मोजतो!”

सरांचा पाय किकवर तसाच राहिला. मी एका दमात बोलत होते, आयुष्यात पहिल्यांदा इतकी. “आबांनी पहिल्या दिवशी दोन निरोप पाठवले. दुसऱ्या दिवशी एक लिहिला असेल, त्याचा आकडा एक. शिरवलीचा डबा म्हणाला, एक ऐकलाय. तोंड मिटून उभा राहिला. तिसऱ्या दिवशी परत एक. परत ऐकलाय. ते रोज लिहीत असतील, सर! आज पहिल्यांदा त्यांनी दोनाच्या पुढं लिहिलं, कारण करडं तीन झाली!”

सरांनी गाडी स्टँडला लावली. खाली उतरले आणि पायरीवर बसले.

“आणि मी तुला सांगितलं, आकडे सलग आहेत,” ते म्हणाले.

“सलगच आहेत ना, सर. एक, दोन, तीन.”

“सलगच आहेत,” सर म्हणाले, आणि हसले, पण नीट हसू आलं नाही त्यांना. “तो पल्लवीचा गोंधळ मी तुमच्यादेखत हसण्यावारी नेला. डब्यांमधला हा दोष काढायचा तर प्रत्येक खांबावर चढावं लागेल. दिवाळीनंतर. पण तुझी लाँच तर परवा.”

“मग आता काय करायचं?”

“आता त्यांनी तीनच्या पुढे बोललं पाहिजे. एका बैठकीत. पहिले तीन वाया जातील, चौथ्यापासून ऐकू येईल. तुझा निरोप त्यांना मिळतो. त्यांचा डबा सगळं विसरलेला असतो, त्याला तुझं सगळंच नवं. लिही त्यांना. पण समजेल का त्यांना?”

“आबांना सगळं समजतं, सर. फक्त बोलायचं जमत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरवा ठिपका लागल्या लागल्या मी लिहिलं. “आबा, तुमचं सुरुवातीचं बोलणं इकडे पोचत नाही. चौथ्यापासून पोचतं. आज संध्याकाळी खूप बोला. काहीही बोला. वायर काढू नका.”

संध्याकाळी सरांनी खोलीत फक्त मला आणि पल्लवीला बसवलं. बाकीच्या खिडकीच्या गजांना लटकल्या होत्या. ठिपका हिरवा होता. पडद्यावर तीनच्या खाली कोरं.

ते वाट बघणं मी कधी विसरणार नाही. कारण या वेळी मला माहीत होतं की पलीकडे बोलणं चालू आहे. आबा दारात बसले असणार, अंगठ्यानं एकेक बटण दाबत. एक लिहून झाला असेल. तो निघाला असेल, शिरवलीच्या डोंगरावर पोचला असेल आणि तिथं त्या डब्यानं तोंड मिटून घेतलं असेल. काय होतं त्यात? मग दुसरा. जो माणूस दिवसाला एक वाक्य बोलतो, त्याला मी तीन वाक्यं हवेत टाकायला लावली होती.

“लिहितायत की शेळीचं दूध काढतायत?” पल्लवी कुजबुजली. पण तिनं माझा हात घट्ट धरला होता.

आणि मग उमटलं.

धारमाथा – ४. आता आनि काय बोलू.

खिडकीतून असा आरडाओरडा झाला की शेवंतामावशी पुन्हा बाहेर आल्या. मी ओरडले नाही. मी पडद्याच्या इतकी जवळ गेले की नाक टेकलं.

धारमाथा – ५. पांढऱ्याचं नाव तू ठेव.

मग बराच वेळ काही नाही.

धारमाथा – ६. तू जा पल्लवीकडं. मी शनवारी लाँचवर येतो. लांबनं बगून जातो.

पल्लवीनं माझा हात सोडला. ती म्हणाली, “चैते, तू आमच्याकडे आलीस ना, तर मी तुला चकली देणार नाही. एकसुद्धा नाही.” तिचं नाक लाल झालं होतं.

मी लिहिलं, “मी येते.” ते दोन शब्द मी तीनदा खोडून पुन्हा लिहिले.

शनिवारी लाँच लागली तेव्हा आबा धक्क्यावर उभे होते. काखेत पांढरं करडू. त्यांनी माझी पिशवी घेतली, करडू माझ्याकडे दिलं आणि चालायला लागले. चढ चढून घर दिसायला लागलं, तसा मला खांबावरचा डबा दिसला. खाली मोबाइल, आणि वायर लावलेली. शेळ्या बांधून झाल्या, दिवेलागण झाली, कंदिलाची वायर निघाली, टॉर्चचे सेल फळीवर मांडले गेले. डब्याला त्यांनी हात लावला नाही.

जेवताना मी विचारलं, “आबा, पहिल्या दिवसानंतर तुम्ही रोज लिहीत होता?”

“मग?”

“रोज काय लिहायचात?”

“काय आसनार. जेवलीस का.”

“आणि दुसऱ्या दिवशी?”

“जेवलीस का.”

“रोज तेच?”

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं.

“त्येच कसं आसंल?” आबा म्हणाले. “तू रोज नव्यानं जेवतीस न्हवं?”

आणि त्यांनी माझ्या ताटात भाकरी सारली.